डिसेंबर अधिक तीन

इल्गिझार आबी दर गुरुवारी वाचनालयात येतात,
दाराशी बूट झटकतात, टोपी काढत नाहीत,
आणि माझ्या संगणकासमोर असे बसतात
जसं न्हाव्याच्या खुर्चीत बसावं,
मान ताठ, हात मांडीवर.
"आज सापडेल," म्हणतात. विचारत नाहीत.

वडिलांचं नाव गिल्मेत्दिन.
आमच्या बोलीतला हा 'ग' घशाच्या तळातून येतो,
सैन्यातल्या कारकुनांच्या दौतीत तो कधी बुडालाच नाही.
म्हणून आम्ही शोधतो
गिल्मुतदिन, गेल्मेदिन, हिल्मितदिन,
एकदा तर नुसताच गिल्या.
माणसं निघतात, ढिगाने निघतात.
एक स्वयंपाकी, टायफसने गेलेला.
एक तोफखान्यातला, मागे तीन मुली.
एकाच्या नावापुढे एवढंच: उंची एकशे त्रेसष्ट, चमचा स्वतःचा.
"हे नव्हेत," आबी म्हणतात,
पण पान लगेच बदलू देत नाहीत.
ओठ हलतात त्यांचे.
"यांच्यासाठी कोण येणार गुरुवारी?"

घरी चहाच्या डब्यात एक पत्र आहे, तिकोनी घडीचं.
गाय विकू नकोस.
मुलगा झाला तर नाव ठेव
आणि नेमका तिथेच घडीने कागद खाल्लाय.
नाव मग मामाने ठेवलं, इल्गिझार,
म्हणजे देशोदेशी हिंडणारा.
आबी चिस्तोपोलच्या पुढे कधी गेले नाहीत.

मागच्या गुरुवारी सापडलं.
आडनावाच्या जागी नाव, नावाच्या जागी आजोबा,
'ग'चा 'क' झालेला.
पण बायको मिन्निकामाल, गाव आमचं,
आणि 'कामा'च्या रकान्यात: घोडे सांभाळतो.
मी वाचलं, हळू,
"ठावठिकाणा नाही. मार्च एकोणीसशे बेचाळीस."
आबींनी मान डोलावली. मार्च त्यांना पाठ होता.
दर मार्चला आई पाव वाटायची,
पाव नसेल त्या वर्षी मीठ.

मी तिथेच थांबायला हवं होतं.
पण मला तळटिपा वाचायची खोड.
खाली, दुसऱ्या शाईत:
माहितीचा आधार, पत्नीचे सांगणे.
शेवटचे पत्र, डिसेंबर एक्केचाळीस.

शेहेचाळीसच्या उन्हाळ्यात कारकून दारोदार फिरला होता.
ज्यांचं कुणालाच काही ठाऊक नव्हतं
त्यांच्यासाठी त्याच्याकडे एक हिशेब होता:
शेवटचं पत्र, अधिक तीन महिने.
बस्स. दुसऱ्या रकान्यात मरण.
मिन्निकामालने त्याला डिसेंबर सांगितला,
त्याने मार्च लिहिला,
कचेरीने तोच मार्च तिच्या हाती ठेवला, शिक्का मारून,
आणि ती मरेपर्यंत मीठ वाटत राहिली.

हे सगळं मी आबींना सांगितलं.
सांगताना माझाच आवाज मला चोरट्यासारखा वाटला.
म्हटलं, नाव दुरुस्त करायचा अर्ज देऊ,
तारखेपुढेही लिहून घेऊ की ती अंदाजाची आहे.

बराच वेळ ते पडद्याकडे पाहत राहिले.
मग बोटं मोजली. परत मोजली.
"नाव करा नीट," म्हणाले. "तारखेला हात लावू नका."
मी काही विचारायच्या आत म्हणाले,
"मी फेब्रुवारीतला."

एवढंच.
मला समजायला घरी जाईपर्यंतचा रस्ता लागला,
वाण्याच्या दुकानापाशी मी थांबलेच मध्ये.

कोण होता तो कारकून कुणास ठाऊक.
उन्हात चालून दमला असेल, पुढची घरं मोजत असेल.
त्याने एका माणसाला तीन महिने दिले
आणि त्यात, न कळता, एका बापाला मुलगा.

मार्चमध्ये आमच्याकडे कामा नदी गोठलेलीच असते.
वरून सामानाचे ट्रक जातात.
पायी निघालेला माणूस
अंधार पडायच्या आत अलीकडे पोचतो.